जयवंतीची तहान

डोळा लागतोय की नाही, तेच मला कळत नाहीये. ओटीवर चटई टाकून पडलेय, उशाला दंड घेतलाय, आणि खालून, जेटीवरून, पंपाचा आवाज येतोय. घर्र घर्र घर्र. दुपारचे अडीच वाजलेत. बाहेर एप्रिलचं ऊन नुसतं रखरखतंय. ताट वाढून घेतलं होतं, पण भाताचा पहिला घासच घशाखाली उतरेना, तेव्हा तसंच झाकून ठेवलंय.

तुम्हाला आधीच सांगते, मी रडूबाई नाही. एकतीस वर्षं मी नांदखोलच्या जेटीवर लाँचची तिकिटं फाडली. घुसणाऱ्यांना, झिंगलेल्यांना, बकरी काखेत मारून 'हिचं कसलं तिकीट?' म्हणणाऱ्यांना मी खिडकीतून नुसत्या तोंडाने सरळ केलंय. तर अशी मी, मंदाकिनी नार्वेकर, आज दुपारी सगळ्या गावादेखत जेटीवर भोकाड पसरून रडले. म्हणून मला घरी पाठवून दिलं. "मंदाताई, जा, पडा जराशा," रुपेश म्हणाला. तिशीतला पोरगा, मासेमारीची होडी आहे त्याची. पंपही त्याचाच. आणि मीही मुकाट्याने आले, यावरून काय ते समजा.

झालं असं. आमच्या खाडीवर पूल झाला, तो वर, नऊ किलोमीटरवर. पूल झाला म्हणून जयवंती लाँच बंद झाली. बेचाळीस वर्षं नांदखोल ते साकवे, साकवे ते नांदखोल करणारी सागवानी लाँच खात्याने एका कागदावर संपवली. साकव्याच्या म्हाताऱ्यांना दवाखान्यात यायचं तर आता दोन एस. ट्या बदलाव्या लागतात. मग आम्ही बचाव समिती काढली, अध्यक्ष अर्थात मी. तीन वर्षं अर्ज केले, खेटे घातले. शेवटी खातं म्हणालं, ठीक आहे. पुढच्या आठवड्यात, शुक्रवारी, आमचा माणूस येईल. पंप न लावता लाँच एक अख्खी भरती तरंगून दाखवा, मग ती गावाची. नाही तरंगली तर भंगारवाला घेऊन जाईल, तोडून फळ्या विकेल.

आज गुरुवार. म्हटलं, आठ दिवस आधी पाण्यात टाकून बघू. सकाळच्या भरतीला पन्नास माणसांनी ओंडक्यांवरून ढकलत जयवंती खाडीत सोडली. नारळ फुटला, टाळ्या वाजल्या, मी पेढे वाटले. आणि पेढे वाटून होतायत न होतायत तोवर आतून विश्राम ओरडला, "बाई, पाणी!" विश्राम म्हणजे जयवंतीचा इंजिन ड्रायव्हर, बावीस वर्षं तिच्या पोटात काढलेला माणूस. आत बघते तर काय, प्रत्येक फटीतून पाण्याच्या धारा. एक पंप लावला, दुसरा लावला, तरी पाणी चढतंच आहे. बुडाली तर जेटीवरची वाटच अडेल, म्हणून रुपेशने भंगारवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, तरंगतेय तोवर संध्याकाळच्या भरतीला ओढून नेतो. रुपेशने फोनवर हात ठेवून माझ्याकडे बघितलं. "काय सांगू, मंदाताई?"

आणि मी म्हणाले, "ये म्हणावं."

माझ्या तोंडाने म्हणाले हो मी. म्हणून रडले.

घर्र घर्र घर्र. कूस बदलते. आवाज जरा खालच्या पट्टीत जातो. ढग ढग ढग. हा पंप नव्हे, हे तर जयवंतीचं इंजिन. पण इंजिन काढून विश्रामच्या पडवीत ठेवलंय, ते कसं वाजेल? असेल, वाजत असेल. मी उठून स्वैपाकघरात जाते. पोह्यांचा डबा असतो त्या जागी भिंतीत माझी तिकीटखिडकी आहे, तीच, खालच्या कडेचा रंग कोपरांनी गेलेली. मला त्याचं काही वाटत नाही. मी स्टूल ओढून बसते.

खिडकीतून एक हात आत येतो. काळा, शिरा उठलेला, अंगठ्याचं नख चिरलेलं.

"एक साकवे."

हा आवाज मी हजार आवाजांत ओळखेन. मी खाली वाकून बघते. पांढरी टोपी, डोळ्यांभोवती उन्हाच्या सुरकुत्या. कासम सारंग. सव्वीस वर्षं जयवंती चालवली त्यांनी. वारले त्याला आता अडीच वर्षं होतील.

"सारंग, तुम्हाला कसलं तिकीट?" मी म्हणते. "आणि उन्हात काय उभे राहिलात? सावलीत व्हा."

"तिकीट दे गो बाय. आता मी सारंग नाय. आता पॅसेंजर."

"फुकट्या पॅसेंजर."

"मग तुझ्या खिडकीशी आलो कशाला? सरळ चढलो असतो."

मी तिकीट फाडते. फाडताना आवाज होत नाही. ते तिकीट घेतात, टोपीच्या घडीत खोचतात, आणि तिथेच उभे राहतात. पूर्वीही असंच करायचे, लाँच सुटायच्या आधी खिडकीशी उभं राहून माझ्याशी भांडायचे. मी दोन मिनिटं उशिरा घंटा दिली म्हणून. त्यांनी कोणा म्हातारीसाठी पाच मिनिटं लाँच थांबवली म्हणून मी. एकही दिवस सुना गेला नाही आमचा. आज मात्र ते भांडत नाहीत, नुसते बघतात, आणि मला खिडकीचं फळकूट खाली ओढून घ्यावंसं वाटतं.

"चल," ते म्हणतात.

"कुठे? माझं जेवण व्हायचंय."

"चल तर."

मी स्टुलावरून उठते ती जेटीवर. मांडव घातलाय, निळ्या खुर्च्या आहेत, समोर टेबलावर शाली आणि नारळ. अग्गो बाई, हा तर शेवटच्या फेरीचा समारंभ. खुर्च्यांवर माणसं नाहीत, नुसत्या शाली बसल्यात, नीट घड्या घालून. माझ्या हातात माईक आहे आणि नावांची यादी. ही यादी मीच केली होती. खात्याचे साहेब, सरपंच, सभापती, पहिल्या फेरीचे जिवंत पॅसेंजर, तिकीटबाई म्हणून मी स्वतः, इंजिन ड्रायव्हर विश्राम. मी वाचत जाते. वाचता वाचता कागदाच्या तळाशी येते आणि थांबते, कारण पुढे काय होतं ते मला माहीत आहे. पुढे काहीच नाही.

त्या दिवशी पाहुण्यांना घेऊन जयवंती आली, जेटीला लागली, पाहुणे उतरले. दीड तास सत्कार चालले. आणि दीड तास कासम सारंग लाँचवर चाकाशी उभे. सगळं आटपल्यावर त्यांनी दोर बांधला, खांद्यावर पंचा टाकला आणि कोणाच्या तरी होडीतून साकव्याला घरी गेले. मला ते कळलं रात्री, शाल कपाटात ठेवताना. 

"सारंग," मी माईकमधूनच म्हणते, कारण माईक हातातून सुटत नाही. "मी तुमचं नाव मुद्दाम गाळलं नव्हतं हो."

"ठाऊक हाय."

"विसरलेही नव्हते. तेच तर. मला असं वाटलंच नाही की तुम्हाला बोलवावं लागतं. जयवंती आली म्हणजे तुम्ही आलातच. साहेबांना बोलवायचं, सरपंचांना बोलवायचं. तुम्ही काय, तुम्ही असणारच."

मांडवात माझा आवाज घुमतो. शाली ऐकतायत.

ते आजही लाँचवर चाकाशीच उभे आहेत, चाकावरचा हात काढत नाहीत. "मला वाईट वाटलं, बाय," ते म्हणतात. "खोटं कशाला बोलू? लय वाईट वाटलं. घरी जाऊन जेवलो नाय."

"हो."

"पण ते चार दिवसांत गेलं. साहेबाची शाल घेऊन मी काय करणार होतो? तू आली नायस, ते मात्र गेलं नाय."

मी कशी जाणार होते? तोंड कुठे होतं मला? उद्या जाऊ, ईदला जाऊ, असं करता करता सात महिने काढले. मग एके दिवशी साकव्याहून निरोप आला की कासम सारंग गेले. मातीलाही गेले नाही मी. ताप आलाय म्हणून सांगितलं. ताप नव्हता.

आता मी त्यांच्या पडवीत बसलेय. या घरात मी कधीच आलेले नाही, तरी मला सगळं ठाऊक आहे, कुठे पाण्याचा माठ, कुठे जाळं टांगलेलं. पडवीच्या पायरीला खाडीचं पाणी लागलंय आणि पडवी हळूहळू चालतेय, ढग ढग ढग. पलीकडच्या काठावर माझं स्वैपाकघर दिसतं, झाकलेल्या ताटासकट. सारंगांच्या हातात कपबशी आहे. बशीत ओतून फुंकर मारतायत.

"माझी हलीमा रोज विचारायची, तुझी तिकीटबाय का येत नाय? मी सांगायचो, येईल. हिशोबाची पक्की हाय, उशीर करते, पण येते."

"नाही आले ना पण." मला हुंदका येतो. "चुकलं माझं. चुकलं हो, सारंग."

"बस बस. आवर." ते बशी खाली ठेवतात. "पाणी आधीच मायंदाळ झालंय. त्यात तुझी भर नको."

मी हसते. रडता रडता हसते, नाक पुसते, आणि मग एकदम आठवतं मला. "तुमची जयवंती चालली," मी म्हणते. "संध्याकाळी भंगारवाला येतोय. मीच ये म्हणून सांगितलं."

ते खिशात हात घालतात. बिडी काढतात. पेटवत नाहीत, कारण माझ्यासमोर बिडी ओढायची त्यांना बंदी असे. ती पाळतायत अजून.

"कशी ठेवली होतीस तिला?"

"कशी म्हणजे? राणीसारखी! वर ओढून घेतली. पत्र्याची शेड बांधली तिच्यावर. विश्राम म्हणत होता झाप टाकू, माडाचे. मी म्हटलं, झापाखाली गुरं बांधतात, जयवंतीला पत्राच पाहिजे. तीन वर्षं पावसाचा एक थेंब लागू दिला नाही अंगाला. दर उन्हाळ्यात ऑइल पेंट दिला, पांढरा आणि निळा. चकचकीत."

"पत्र्याखाली."

"हो."

"तीन उन्हाळे."

"हो म्हणते ना."

"आत पण दिलास रंग?"

मी जरा घुटमळते. "आतून राहिला. आत कोण बघायला जातंय?"

सारंग मान मागे टाकून हसतात. खांदे हलतात, टोपी हलते. "अल्ला तुझं भलं करो," ते म्हणतात. "तुझ्या मिरवायच्या सवयीने वाचवलंन तिला."

"मिरवायची कसली सवय? उगीच काहीतरी—"

माझं वाक्य संपायच्या आत आम्ही जयवंतीच्या पोटात आहोत. इंजिन असायचं त्या रिकाम्या जागेत दोघेही उकिडवे बसलोय. अंधार नाही. फळ्यांच्या फटींतून उजेड येतोय, बारीक बारीक रेघा, सारंगांच्या सदऱ्यावर, माझ्या हातांवर. एवढ्या फटी! मी सकाळी पाणी बघितलं होतं, फटी बघितल्याच नव्हत्या.

सारंग फळीवर तळहात ठेवतात. "हात लाव."

मी लावते. लाकूड रखरखीत, गरम.

"सुकलीय ती," ते म्हणतात. "लाकडाची होडी पाण्यात ऱ्हाते म्हणून फळ्या फुगून एकमेकींना धरून ऱ्हातात. वर काढून तापवत ठेवलीस, की त्या आकसल्या. सोडले त्यांनी एकमेकींचे हात."

मी हात काढून घेते. तीन वर्षं मी हिला जपत होते असं मला वाटत होतं. पेंटचे डबे स्वतः उचलले मी. पत्र्याला भोक पडलं तर शिडीवर चढले, या वयात. "म्हणजे मीच मारली तिला," मी म्हणते.

"मारली कुठे? तहान लागलीय तिला."

"सकाळपासून पाण्यातच आहे की! आत एवढं पाणी आलंय!"

"आणि तुम्ही काय करताय?"

वरून पंपाचा आवाज येतो. घर्र घर्र घर्र. मी वर बघते.

"तिनं घोट घेतला की तुम्ही तांब्या काढून घेताय तोंडाचा," सारंग म्हणतात. "मी रोजे धरायचो ना? दिवसभराचा रोजा काय एका घोटात सुटतो? आधी एक खजूर. मग घोटभर पाणी. मग दम. मग परत पाणी. हिचा तर तीन वर्षांचा हाय. तिला बसू दे, पिऊ दे. आतून रंग नाय दिलास, म्हणून लाकडात पाणी शिरेल तरी."

"बसू दे म्हणजे?"

"बुडव तिला."

मी उठून उभीच राहते. डोकं वरच्या तुळईला आपटतं आणि लागत नाही. "काय डोंबल बुडव! लोक काय म्हणतील मला? बचाव समितीच्या अध्यक्षबाईंनी लाँच बुडवली! पेढे वाटून!"

"म्हणू देत."

"तुम्हाला काय जातं म्हणू देत म्हणायला? तुम्ही तर..." मी जीभ चावते.

"मेलोय. बोल की."

"तुम्ही तर मेलायत," मी म्हणते. बोलून टाकल्यावर मला जरा बरं वाटतं.

मग ते सांगतात आणि मी ऐकते, एकतीस वर्षांत ऐकलं नसेल इतकं निमूट. पंप बंद करायचे. दोन्ही बाजूंनी बांधायची, एक दोर जेटीला, एक पलीकडच्या खुंटाला, म्हणजे कलंडणार नाही. आत दगड टाकायचे, कारण लाकूड नुसत्या पाण्याने खाली बसत नाही, अर्धवट डुलत राहतं. ओहोटीला ती चिखलावर बसेल. मऊ चिखल आहे, काही होणार नाही. भरती येईल, जाईल. हात लावायचा नाही. सहा दिवस. सातव्या दिवशी ओहोटीला दगड काढायचे, पाणी उपसायचं, आणि भरतीची वाट बघायची.

"तरंगेल?"

"मला काय इचारतेस? तिला इचार."

"सारंग, सरळ सांगा."

ते फळीवरून बोट फिरवतात, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, फार सावकाश. "माझ्या बापाने दर दिवाळीला बुडवलीन आपली होडी," ते म्हणतात. "पावसाळाभर वर असायची ना. दोन दिवस बुडवायचा. सगळेच बुडवायचे. तेव्हा कोणी जेटीवर उभा ऱ्हाऊन रडत नव्हता. आता तुमच्या सगळ्या होड्या फायबरच्या. फायबरला कुठली तहान?"

आणि मला कळतं, पुरतं कळतं. आमच्या खाडीवर हे सांगणारा एकच माणूस उरला होता, आणि तो सात महिने समोरच्या काठावर पडवीत बसून माझी वाट बघत होता. मी गेले असते, कपभर चहा प्याले असते, तर चहाच्या बशीबरोबर त्यांनी हेही सांगितलं असतं. 'कशी ठेवलीस तिला?' एवढं तर विचारलंच असतं.

"मी यायला हवं होतं," मी म्हणते.

"आता आलीस ना."

"माझ्या लक्षात नाही राहत हो हल्ली. गॅस चालू राहतो. चष्मा डोक्यावर असतो आणि घरभर शोधते. हे सगळं उठल्यावर विसरले तर?"

"पदर आण."

मी पदराचं टोक पुढे करते. आमच्याकडे बायका विसरू नये म्हणून पदराला गाठ मारतात, ते त्यांना ठाऊक आहे. सारंग टोक घेतात, दोन बोटांत पिळतात, वळवतात, आतून काढतात, परत वळवतात. त्यांचे हात तेच आहेत, जेटीला दोर बांधणारे, घाई नसलेले. शेवटी दोन्हीकडून खेचतात. पदराला ओढ बसते, ती मला खांद्यावर जाणवते.

"हां," ते म्हणतात. "आता वाऱ्याने पण नाय सुटायची."

पाणी आमच्या छातीपर्यंत आलंय. गार नाही, कोमट आहे, खाडीचं. त्यात निळ्या खुर्च्या तरंगतायत, माझं झाकलेलं ताट तरंगतंय. इंजिनाचा ठोका हळू होतो. लाँच काठाला लागताना हळू होतो तसा.

"साकवे आलं," सारंग म्हणतात आणि उठतात. टोपीतून तिकीट काढून माझ्या हातात ठेवायला जातात, मग काही सुचून परत खोचतात. "ऱ्हाऊ दे माझ्याजवळ."

मीही उठते. "मी येते. हलीमाभाभींना भेटते."

"नाय. तू परतीच्या फेरीची."

"सारंग, थांबा ना पाच मिनिटं. म्हाताऱ्यांसाठी थांबायचात."

"तुला म्हातारी म्हटलं तर तू मला खाडीत ढकलशील." ते फळीवर पाय ठेवतात. फळी हलत नाही. "पहिलं पंप बंद कर, बाय."

घर्र घर्र घर्र घर्र.

मी चटईवर आहे. चटईच्या काड्या गालावर उमटल्यात. घड्याळात साडेतीन. तोंड कोरडं पडलंय, दंडाला मुंग्या आल्यात. ओटीवर कोणी नाही, खिडकी नाही, स्वैपाकघरात पोह्यांचा डबा त्याच्या जागी आहे. मी भिंतीला धरून उठते. स्वप्न, दुसरं काय. न जेवता झोपलं की पडतात असली. असं म्हणत पदर खांद्यावर घ्यायला हात मागे नेते, आणि हाताला काहीतरी टणक लागतं.

पदराच्या टोकाला गाठ आहे.

मला एकच गाठ येते, साधी, सगळ्या बायकांना येते ती. ही तसली नव्हे. ही गोल, घट्ट, दोन पदरी, एकात एक शिरलेली. मी नखाने सोडवून बघते, दातांनी बघते. तसूभर हलत नाही. खांद्यावर ओढ बसलेली ती जागा अजून जाणवतेय. मी पायात चप्पल न घालताच निघते.

उतरण तापलेली. पाय पोळतायत. जेटीवर रुपेश आणि पाचसात जण घामाने निथळतायत, दोन्ही पंप चालू आहेत, आणि खाडीच्या वळणावर भंगारवाल्याची होडी दिसतेय. लोखंडी, काळी. येतेय सावकाश.

"पंप बंद करा," मी म्हणते.

रुपेशला ऐकूच येत नाही. मी जवळ जाऊन ओरडते. "पंप बंद कर! बुडवायचीय तिला!"

"मंदाताई, तुम्ही घरी—"

"घरी जाऊन आले मी. दोन्ही बाजूंनी बांधा आणि आत दगड टाका. सहा दिवस बुडू दे. सुकलीय ती, फुगेल पाण्याने. माझ्या शेडने सुकवली, मीच सुकवली, पत्र्याने. आता ऐका माझं."

"कोणी सांगितलं हे?"

आता काय सांगू? "कासम सारंगांनी," मी म्हणते.

कोणी हसत नाही. हसले असते तर बरं झालं असतं, मी शिव्या तरी घातल्या असत्या. रुपेश खाली बघतो. म्हातारीचं डोकं फिरलं, असंच वाटलं असणार त्याला, आणि मी काही त्याला दोष देत नाही. मी पदर पुढे धरते, दुसरं काही माझ्याकडे नाहीच.

विश्राम लाँचमधून वर येतो. कमरेपर्यंत भिजलेला, हात काळे. माझ्या पदराकडे बघतो, मग हात लुंगीला पुसतो, नीट पुसतो, आणि गाठ बोटांत धरतो. उलटी करून बघतो. त्याचा चेहरा कसा झाला ते मला सांगता यायचं नाही.

"ही उलट्या हाताची गाठ आहे," तो म्हणतो. "कासम डावखुरा. बावीस वर्षं रोज सकाळी ही सोडवताना मी त्याला शिव्या घातल्यात." तो एक टोक चिमटीत धरतो. ओढलं की सुटणार, ते त्याला माहीत आहे, मला दिसतंय. तो ओढत नाही. गाठ हळूच माझ्या हातात ठेवतो, पंपाशी जातो आणि एक खटका खाली करतो. मग दुसरा.

एवढी शांतता होते की सगळे एकमेकांकडे बघतात.

मग दोर आले, दगड आले. पाचसात जणांची रांग लागली, मीही लागले. भंगारवाला जेटीपाशी पोहोचला तेव्हा जयवंतीचा निम्मा पांढरा रंग पाण्याखाली गेला होता. त्याने होडीतूनच बघितलं, बुडालेली मी कशी ओढू म्हणाला, रुपेशला दोन शब्द सुनावले आणि वळला. पुढच्या शुक्रवारी काय होईल, मला माहीत नाही. तुम्हालाही खोटं सांगणार नाही.

आता ऊन कललंय. मी जेटीच्या कडेला पाय सोडून बसलेय, पदराचं टोक मुठीत आहे. जयवंती खाली खाली जातेय, सरळ, न कलंडता, आणि तिच्या आतून आवाज येतोय, गट गट गट, मोठे मोठे घोट घेतल्याचा. विश्राम माझ्या शेजारी उकिडवा बसतो, वाकून पाण्यात हात घालतो आणि तिच्या फळीवर थोपटतो.

"पी गो बाय," तो तिला म्हणतो. "सावकाश पी."